रविवारचं दूध

अभिमनभाऊंनी ठरवलं म्हणजे ठरवलं! लेकीचं, सारिकाचं, लग्न याच रविवारी जमवायचं, आणि चारच्या आत जमवायचं!

चारच्या आत, कारण चार वाजून दहा मिनिटांनी भाऊंचं डोकं उठायचं. रोज. अमळनेर स्टेशनात गाडी कधी इतकी वेळेवर आली नसेल! उजव्या डोळ्यामागे कुणीतरी तापली सळई फिरवायचं, तेवढा एकच डोळा घळाघळा गळायचा, नाक वाहायचं, आणि भाऊ तासभर अंगणात येरझारा घालत भिंतीवर डोकं आपटायचे. धुळ्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्लस्टर हेडेक. दुखण्याचा मुक्काम अजून दोन महिने. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी तळाला गेलेलं. म्हणून दर रविवारी दुधातून एक पुडी. "याने डोकं थांबेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण पुडी चुकवू नका."

भाऊंना दुखण्यापेक्षा लोकांचा राग जास्त! जो तो म्हणे, "डोकं काय, आमचंही दुखतं!" नशिराबादहून आलेली मोठी बहीण, बेबाबाई, तर हसून लोळली. "खान्देशमा राहीसन तुले ऊन कमी पडनं?"

शिंदखेड्याचे गिरधरनाना मुलाला, ललितला, घेऊन अकराला येणार होते. पण वाटेत तीन गावं, तिन्ही गावांत भावकी, आणि भावकीचा चहा नाकारणं म्हणजे जन्माचं वैर! पाहुणे उगवले चारला. भाऊ आतल्या आत फणफणत होते. हातात उरली होती दहा मिनिटं, आणि नाना लोडाला टेकून उसाच्या पाण्यावर बोलत बसले.

या गडबडीत भाऊंची पुडी सकाळपासून राहून गेली होती. सारिकाने ती दुधात ढवळली, वेलची घातली, पेला ओट्यावर ठेवला आणि ती साडी नेसायला गेली. स्वयंपाकघराचा ताबा बेबाबाईंकडे. पहिला पेला पाहुण्याला, हे त्यांचं जन्माचं व्रत. भरला पेला दिसला, तो उचलून थेट नानांच्या हातात! नानांनी एका दमात रिकामा केला.

"आत्या! ते बाबांचं दूध!" सारिका आतल्या दारातून डोकावून किंचाळली.

भाऊ ताडकन उठले. "माझं दूध प्यायलात?"

"तुमचं?" नानांनी मिशी पुसली.

"माझं! आठवड्यातून एकदा मिळतं मला! कुणाला विचारून प्यायलात?"

तेवढ्यात चार-दहा झाले. सळई फिरली आणि भाऊंचा उजवा डोळा वाहायला लागला.

"दूधसाठे रडी राहिना हाऊ मानूस?" नाना टोपी घालून उभेच राहिले. "चाल रे ललित! एक गिलास दूधसाठे रडस, तो लगनमा काय वाढी?"

भाऊंना समजावून सांगायचं होतं, पण तोंडातून नुसता हुंकार निघाला. ते अंगणात धावले आणि भिंतीवर धाडधाड डोकं आपटू लागले. संताप दुखण्याचा, नानांचा, वाटेतल्या तिन्ही चहांचा!

"नाना, थांबा!" सारिका डॉक्टरांची फाईल घेऊन दारात आडवी उभी राहिली. "रोज चारला त्यांचं डोकं असंच उठतं. आणि तुम्ही प्यायलात ते त्यांचं औषध होतं!"

नानांचा हात पोटावर गेला. "आता मी मरसू का?"

सारिकाने धुळ्याला फोन लावला. एका पुडीने काही होत नाही, डॉक्टर म्हणाले, दुसरी मात्र घेऊ नका. नाना मटकन बसले. खिडकीतून भाऊंकडे बघत राहिले.

"म्हणजे हा ओरडला तो माझ्या काळजीने! स्वतःचं डोकं फुटतंय आणि पाहुण्याच्या पोटाचं बघतो! असं घर सोडू नये," नाना म्हणाले. ललित मघापासून सारिकाकडेच बघत होता, आणि सारिकाही काही भिंतीकडे बघत नव्हती.

पाचला भाऊ घामाने निथळत आत आले, तर सगळं ठरलेलं! खरं तर ते ओरडले होते फक्त आपल्या पुडीसाठी. पण ओठावर आलेलं त्यांनी गिळलं. जन्मात पहिल्यांदा.

पंचांग निघालं. तीन आठवड्यांनी मुहूर्त, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"बदला तो!" भाऊ गरजले.

"कशाला, व्याही?" नाना हसले. "लेक जाताना बापाच्या डोळ्याला पाणी, शोभूनच दिसेल!"

बेबाबाईंनी मात्र मान हलवली. "पन लोक म्हनतीन ना भाऊ, एकच डोया रडना! बापले अर्धंच दुख शे!"