चप्पल चालणार नाही

लोअर परळला बेचाळिसाव्या मजल्यावरच्या बारच्या काचेच्या दारात रखवालदाराने मारुतीरावांच्या पायांकडे बोट दाखवलं. "चप्पल नहीं चलेगा, बाबूजी."

मारुतीरावांना तो माणूस एकदम आवडला. पाटी बारची असली तरी शिस्त देवळाची होती. त्यांनी चपला काढून भिंतीशी जोडीने लावल्या, उंबऱ्याला लावलेला हात कपाळाला नेला आणि अनवाणी आत गेले. नियम बूट घालून येण्याचा होता, हे मागून येणाऱ्या सुजितला ठाऊक होतं. रखवालदारालाही ठाऊक होतं. पण आता पायात चप्पलच नव्हती. अनवाणी माणसाचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"बाबा, परत फिरू," सुजित कुजबुजला. "बाहेर काढतील आपल्याला."

"दिवे लागोस्तवर थांबू. मग काढू दे."

त्यांना एवढंच हवं होतं. बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी लोखंडी सळयांचे भारे बांधले आणि मुंबईच्या ट्रकांत चढवले. त्या सळयांचं पुढे काय झालं, ते कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मुलाने विचारलं, काय हवं? गळ्यातल्या तुळशीमाळेशी चाळा करत ते म्हणाले होते, एकदा वरून बघायचंय.

दोघांचं सरबत येईपर्यंत मागून आलेल्या जोडप्याने भिंतीशी लावलेल्या चपला पाहिल्या आणि इथली नवी पद्धत असेल म्हणून आपले बूट काढले. त्यांचे पाहून पुढच्यांनी. अर्ध्या तासात दारात सप्त्यातल्या काल्याला पडते तशी पादत्राणांची रास पडली. पाय मोकळे झाले तशी माणसंही मोकळी झाली. दोघीतिघी तर खाली मांडी घालूनच बसल्या.

मॅनेजर कुंदन तणतणत आला. हे कुणी सुरू केलं, म्हणून विचारू लागला.

"तुमच्याच मानसानं सांगितलं," मारुतीराव कौतुकाने म्हणाले. "चांगलं वळन हाय तुमच्याकडं."

कुंदनने नुसत्या मोज्यांवर खुशीत फिरणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि तो आल्या पावली परत गेला.

तेवढ्यात सूर्य समुद्रात उतरला आणि एकेका इमारतीत दिवे लागत गेले. मारुतीराव गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले.

"यातली आपली सळई कंच्या इमारतीत?"

"कसं सांगणार बाबा? ती भिंतीच्या आत असते. दिसत नाही."

मारुतीरावांनी सगळे दिवे एकदा नजरेखालून घातले. मग म्हणाले, "बरं हाय. कीर्तनात मागचा टाळकरी कोन बघतो? पन ताल त्याच्याच हातात."

निघताना पाहतात तो चपला गायब. त्या जागी कुणाचे तरी काळे, चकचकीत बूट.

"घाला," सुजित म्हणाला. "तुमच्याच मापाचे दिसतात. तो तुमच्या चपला घालून गेलाय."

मारुतीरावांनी बूट भिंतीशी सरळ लावले आणि अनवाणीच लिफ्टकडे निघाले.

"देवळातनं चप्पल गेली की पीडा गेली म्हनतात. माजी गेली. आता दुसऱ्याची पीडा कशाला पायात घालू?"