गोदूताई खारीचे तीन पट्टे

एका जंगलात, बाळगोपाळांनो, एकच टीव्ही होता. तो अस्वलाच्या अंगणात असे. अस्वलाला सगळे नानासाहेब म्हणत, कारण टीव्ही त्यांचा होता.

त्या टीव्हीवर दर रविवारी 'कुरणातली सून' ही मालिका लागायची. सगळं जंगल आंघोळ करून यायचं. टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. वाघ आणि शेळी एकाच सतरंजीवर बसत. शेळीला थोडी धाकधूक असे, पण मालिका चुकवण्यापेक्षा ती परवडली.

मालिकेतली सून म्हणजे मंजुळा. तिचं काम एक हरिणी करायची. सासू छळायची, मंजुळा सोसायची, आणि सोसताना तिच्या अंगावरचे तीन पांढरे, तिरके पट्टे फार सुंदर दिसायचे. त्या पट्ट्यांवर जंगल लट्टू झालं. सांबरीण चुन्याने पट्टे काढू लागली. रानडुकरिणीने चिखलात लोळणं सोडलं. रानगव्यांची मुलं बिनपट्ट्याची मुलगी बघायलाही जाईनात. वाघाला जन्माचेच पट्टे, पण ते काळे. तोही बापडा चुना घेऊन रांगेत उभा राहिला.

या सगळ्यात नशीब उघडलं ते गोदूताई खारीचं. तिच्या पाठीवर तीन पांढरे पट्टे होतेच. आधी तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आता जो तो म्हणे, "अहो, तुम्ही तर मंजुळेची सख्खी बहीण शोभता!" शेपटीचा कुंचला करून ती जंगलभर पट्टे काढत फिरायची. बारसं असो की लग्न, पहिलं बोलावणं गोदूताईंना. काय सांगू तुम्हाला, बाईंचे पाय फांदीला लागत नसत.

मग मालिका संपली. मोर म्हणाला, आता पिसं. सगळे पिसांच्या मागे लागले. गोदूताईच्या नातींनीसुद्धा आपले पट्टे हळदीने झाकून टाकले. "आजी, पट्टे किती जुनाट दिसतात गं!" त्या म्हणाल्या. गोदूताईच्या जिवाला ते फार लागलं. जन्माचे पट्टे बिचारी काढून ठेवणार कुठे?

आणि एक दिवस नानासाहेबांनी आरोळी ठोकली. "ऐका हो ऐका! 'कुरणातली सून' आज संध्याकाळपासून पुन्हा लागणार! नवा टीव्ही आणलाय, हत्तीएवढा!"

गोदूताईने आनंदाने अंगणातल्या जांभळाला तीन प्रदक्षिणा घातल्या. आता नाती बघतील. आता सगळ्यांना आपली आठवण येईल.

दुपारी नानासाहेबांनी नवा टीव्ही लावून पाहिला आणि लागलीच ते घोरू लागले. गोदूताई फांदीवरून बघत होती. मालिकेची जाहिरात लागली. सासूने ढकललं. मंजुळा रडली. पण तिच्या अंगावर पट्टा औषधालाही नव्हता!

गोदूताईने वर पाहिलं. जांभळाच्या शेंड्यावर जुन्या टीव्हीची गंजलेली अँटेना अजून होती, आणि तिच्यावर बसून लठ्ठ घुबड डुलक्या घेत होतं. ते वर्षानुवर्षं तिथेच बसायचं. त्याच्या भाराने अँटेना वाकायची आणि चित्रावर तीन तिरके पट्टे यायचे. नव्या टीव्हीला अँटेनाच नव्हती.

"मेले गं बाई!" गोदूताई पुटपुटली. म्हणजे आपला सगळा मानमरातब घुबडाच्या बुडाखालून आला होता! हे संध्याकाळी जंगलाला कळलं की नाती पुन्हा आजीचं तोंड बघणार नाहीत.

तिने नानासाहेबांना हलवून जागं केलं. "नानासाहेब, यंदा टीव्हीच्या पूजेचा मान मला द्या ना."

"घ्या की," नानासाहेब कूस बदलत म्हणाले. "फक्त काच जपा, नवी आहे."

गोदूताईने काच पुसली. हार घातला. उदबत्ती लावली. मग शेपटी चुन्यात बुडवून काचेवर तीन तिरके पट्टे ओढले. जंगलाला चुना लावणं म्हणतात ते हेच, पण तुम्ही घरी जाऊन बोलू नका.

संध्याकाळी मंजुळा पडद्यावर आली. पट्ट्यांसकट!

"अगदी पूर्वीसारखं!" सांबरिणीला हुंदका फुटला. "असं आता कुणी काढत नाही हो!" नातींनी तिथल्या तिथे हळद चाटून टाकली आणि आजीला येऊन बिलगल्या. गोदूताईला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं.

मालिकेनंतर सिंहमहाराजांचं भाषण लागलं. महाराजांच्या नाकावरूनही तीन पट्टे. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे प्रधान पट्टे काढून दरबारात आले. त्यांना बघून महाराजांनी घाईघाईने चुना मागवला. हवामान सांगणाऱ्या बेडकाला पट्टे होते, म्हणून तळ्यातले बेडूकही रांगेत आले. गोदूताईची शेपटी वाळायला उसंत मिळेना.

मग नानासाहेबांना हुक्की आली. त्यांनी मंजुळेचं काम करणाऱ्या हरिणीलाच सत्काराला बोलावलं. ती आली. वय झालं होतं, चाल तीच होती, आणि पाठ कोरी करकरीत.

"ही कसली मंजुळा?" कोल्हीण ओरडली. "हिचे पट्टे कुठायत?"

"तोतया आहे, तोतया!" बेडकांनी गिल्ला केला.

नानासाहेबांना घाम फुटला. "प्रवासात पुसले असतील," ते म्हणाले. "गोदूताई, पाहुण्यांना जरा झाडामागे घेऊन जा."

झाडामागे गोदूताईने हरिणीचे पायच धरले. "बाई, चुकलं माझं. पट्टे तुम्हाला कधीच नव्हते. मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना खरं सांगते."

"वेड लागलंय का तुम्हाला?" हरिणी म्हणाली. "शाल-श्रीफळ अजून मिळायचंय. अहो, नदीपलीकडच्या जंगलात चित्राला मुंग्या यायच्या. तिथे मी अंगभर ठिपके देऊन जाते. डोंगराकडे नुसताच आवाज यायचा. तिथे जाताना तोंडावरून पदर ओढून घेते. तुमचं जंगल त्या मानाने सोपं आहे."

गोदूताईने शेपटी चुन्यात बुडवली.

"जरा तिरके काढा हं," हरिणी पाठ वळवत म्हणाली. "सरळ काढलेत तर लोक म्हणतील, नक्कल करते."

तात्पर्य : खोटं कधी लपत नाही, असं मोठी माणसं सांगतात. बरोबरच आहे. इतकं शोभून दिसणारं कुणी लपवेल कशाला?