रविवारचे ओट्स

पाकिटावर पिवळी पानं गळत होती आणि शाल पांघरलेली एक बाई वाफाळता वाडगा हातात धरून खिडकीबाहेर बघत होती. सोलापुरात ऑक्टोबरच्या सकाळी कुणी असं शाल पांघरून बसलं, तर लोक आधी ताप मोजतील. पण पाकीट इंद्रजीतने पुण्यात बसल्या बसल्या मागवलं होतं, आणि इंद्रजीतने पाठवलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, असं वैजयंतीबाईंनी निदान दसऱ्यापर्यंत ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी गल्लीतल्या डॉक्टरांनी सयाजीरावांचं बीपी मोजलं, तेव्हा यंत्राने एकशे ऐंशी दाखवलं. हृदयाच्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. सयाजीरावांनी सूतगिरणीत तीस वर्षं काढली होती, संपात लाठ्याही खाल्ल्या होत्या, पण मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की ते घाबरून विषय बदलायचे. "इंद्रजीत आला की जाऊ," एवढं एकच त्यांचं उत्तर. इंद्रजीतनेही शब्द दिला होता. दसऱ्याला चार दिवस येतो, बाबांना स्वतः घेऊन जातो. तोवर रोज सकाळी फक्त ओट्स.

शब्द दिला होता खरा, पण इंद्रजीत नाराज झाला की शब्द विसरायचा. पाडव्याला तो तेलकट नको म्हणत असताना बापाने त्याच्यादेखत तिसऱ्यांदा भज्यांना हात घातला, तर "तुम्हाला ऐकायचंच नाही ना, मग मी येऊन करू काय," असं म्हणून तो दुसऱ्याच दिवशी निघून गेला होता. पुणं साडेचार तासांवर आहे. त्यानंतर त्याला ते साडेचार तास सहा महिन्यांत सापडले नव्हते.

म्हणून पहिल्या दिवशी वैजयंतीबाईंनी पाकिटावरच्या चित्रांबरहुकूम सगळं केलं. त्यात दालचिनी होती, सुकं सफरचंद होतं, लाल भोपळ्याची पूडसुद्धा होती. सयाजीरावांनी एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

"ही तर खळ हाय की," ते शेवटी म्हणाले.

"ओट्स हायत. गपगुमान खावा."

"अगं, तीस वर्षं मी सुताला हीच लावली. सूत तुटू नये म्हणून लावतात. माझं काय तुटायलंय?"

"तोंड तेवढं चालायलंय तुमचं. खावा म्हणलं ना."

त्यांनी खाल्लं नाही. कालची भाकरी कुस्करून तिच्यावर तेल आणि शेंगाची चटणी घेतली आणि ते ओसरीत जाऊन बसले. वाडगा भिंतीपलीकडच्या गुलबानोच्या शेळीसमोर गेला. शेळीने तो चाटून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती भिंतीशी येऊन उभी राहिली आणि तिला नाही म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

प्रश्न फोटोचा होता. सूनबाई आरोहीचा हुकूम होता की रोज वाडग्याचा फोटो पाठवायचा. वैजयंतीबाईंनी पहिल्याच दिवशी त्या एका वाडग्याचे चारी बाजूंनी चौदा फोटो काढून ठेवले होते. कशासाठी काढले हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, पण आता दररोज एक पाठवता येत होता. पलीकडून लाल बदाम यायचा. एकदा इंद्रजीतने लिहिलं, "आई, मला तुम्हा दोघांचा अभिमान वाटतो." ते वाचून त्यांना एवढं बरं वाटलं, की लबाडी आपली आहे हे त्या दिवसभर विसरूनच गेल्या.

शेळीचा वाडगा रोज मोठा होत गेला आणि आठवडाभरात तिने पाकीट संपवलं. रविवारी सकाळी साडेआठला मेसेज आला. "नऊ वाजता व्हिडिओ कॉल करतो. बाबांना ओट्स खाताना बघायचंय. आरोहीच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचंय, ऑटम ब्रेकफास्ट विथ पेरेंट्स. पाकिटावरच्या बाईसारखी शाल घेऊन बसा, छान दिसेल."

वैजयंतीबाईंनी पाकीट उलटं करून झटकलं. दोन दाणे पडले. कोपऱ्यावरच्या दुकानात रवा, पोहे, शेवया सगळं होतं, ओट्स नव्हते. मोठं दुकान दहाला उघडायचं.

"सांग की त्याला, संपले म्हणून," सयाजीराव म्हणाले.

"पाकीट महिन्याचं हाय. आठवड्यात संपलं म्हणलं तर इचारंल की कुटं गेलं. शेळीचं नाव सांगू? मग तो यायचा न्हाय दसऱ्याला."

सयाजीरावांनी ते दोन दाणे उचलून पाकिटात परत टाकले. दसऱ्याला तो यायला हवा होता, आणि त्यांना स्वतःला किती हवा होता हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. रात्री छातीत धडधडायचं तेव्हा ते बोटांवर दिवस मोजायचे.

अखेर वैजयंतीबाईंनी ज्वारीच्या कण्या काढल्या. कुकरला पाच शिट्ट्या दिल्या, कालच्या भाजीतल्या उरलेल्या भोपळ्याच्या फोडी त्यात घोटल्या, मसाल्याच्या डब्यातून दालचिनी शोधून कुटली, वरून दूध आणि गूळ घातला. वाडग्यात पडल्यावर ते इतकं हुबेहूब दिसलं, की त्यांचा जीव भांड्यात पडला. सयाजीरावांच्या अंगावर लग्नातली लोकरी शाल आली. आवाज नको म्हणून पंखा बंद झाला.

नऊ वाजता इंद्रजीत पडद्यावर उगवला. शेजारी आरोही होती.

"वा, बाबा, काय मस्त दिसताय. चेहऱ्यावर ग्लो आलाय."

तो घाम होता. कानामागून शालीत उतरत होता. सयाजीरावांनी भराभर चार चमचे खाल्ले आणि पाचवा आपण होऊन घेतला, कारण चव ओळखीची होती.

"आवडतंय ना आता?"

"लई झ्याक हाय."

"बघा. मी म्हणत नव्हतो? आयुष्यभर त्या भाकऱ्या आणि कण्या खात बसलात. हे असलं आधी खाल्लं असतं तर ही वेळ आली नसती."

वैजयंतीबाई फोन धरून उभ्या होत्या. आठवीत कावीळ झाली तेव्हा महिनाभर हा पोरगा दुधातल्या कण्यांवर जगला होता, वाडगा खरवडून पुन्हा मागायचा. आता तोच वाडगा समोर होता आणि त्याला तो ओळखू येत नव्हता. त्यांना वाईट वाटलं. पण भोपळ्याने आपलं काम चोख केलं याचा थोडा गर्वही वाटला.

तेवढ्यात दारातून गुलबानोचा आवाज आला. "भाभी, आज शेळीचं काय न्हाय का? सकाळपास्नं नुसती वरडायलीय."

"शेळीचं काय?" इंद्रजीतने विचारलं.

वैजयंतीबाईंनी फोन गर्रकन गुलबानोकडे फिरवला आणि डोळे वटारले. गुलबानो गल्लीतल्या साऱ्यांची वेळ निभावून नेणारी बाई. तिला पडद्यावरचा मुलगा दिसला, शालीत घामाघूम झालेला बाप दिसला, आणि बाकीचं तिने आपल्या परीने लावून घेतलं.

"काय न्हाय रे बाबा, पाला मागायला आली मी. तुझ्या अब्बांची तब्येत बघ की. पहाटे फिरायला जातात, माझा नईम म्हणतो, रिक्षा काढतो तवर हे तलावाला दोन फेऱ्या मारून परत."

"बाबा, खरंच?"

सयाजीराव गेल्या वर्षभरात दुधाच्या डेअरीपलीकडे गेले नव्हते. पण आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. "दोन न्हाय. तीन."

"आणि बीपी?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. आकडा जितका चांगला, तितका पोरगा खूश, आणि खूश पोरगा दसऱ्याला येणार, असा हिशेब दोघांच्या डोक्यात एकाच वेळी झाला.

"एकशे वीस," वैजयंतीबाई म्हणाल्या.

इंद्रजीतने मोठा श्वास सोडला. आरोहीने टाळ्या वाजवल्या. मग दोघं एकमेकांशी हळू काहीतरी बोलले आणि इंद्रजीत म्हणाला, "आई, खरं सांगू? मला खूप टेन्शन होतं. रजा मिळत नव्हती, तरी बाबांसाठी म्हणून काढली होती. आरोहीच्या भावाने दसऱ्याला कूर्गला बोलावलंय, त्याला मी नाही म्हणून बसलो होतो. आता बाबा एवढे छान आहेत, तर मग आम्ही जाऊन येतो. दिवाळीनंतर बघू. आणखी तीन पाकिटं मागवतो."

पडदा काळा झाला. शालीतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. गुलबानो दारातच उभी होती. "मी जास्त बोलले का भाभी?" असं तिने विचारलं.

वैजयंतीबाईंनी परत फोन लावला आणि या वेळी एका दमात सगळं खरं सांगून टाकलं. ते ओट्स नव्हते, कण्या होत्या. ओट्स शेळीने खाल्ले. बाबा फिरत नाहीत. बीपी एकशे वीस नाही, रात्री त्यांना झोप नाही, तू ये.

पलीकडे इंद्रजीत आधी हसला. मग त्याचा आवाज उतरला. "आई, मी येत नाही म्हटल्यावर तुला वाईट वाटलं, ते कळतंय मला. पण म्हणून असं बोलतात का? शेळी काय, कण्या काय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना आत्ता. बाबांच्या तब्येतीवरून तरी खोटं बोलू नकोस गं."

फोन ठेवल्यावर त्याने कॉलमधून टिपलेला फोटो पाठवला. सयाजीराव शालीत चमकत होते. खाली लिहिलं होतं, "असेच राहा."

"काय म्हणाला?" सयाजीरावांनी विचारलं.

"खोटं बोलू नको म्हणाला."

सयाजीरावांनी वाडगा पुढे ओढला आणि उरलेल्या कण्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी गुलबानोचा नईम रिक्षा घेऊन दारात उभा राहिला. आपल्या बोलण्याने घोटाळा झाला म्हणून गुलबानोनेच पोराला पाठवलं असावं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना सयाजीरावांनी त्याचा दंड घट्ट धरला आणि नाव पुकारेपर्यंत सोडला नाही. नर्सने "सोबत मुलगा आहे का?" असं विचारलं, तेव्हा नईमने "आहे" म्हणून कागदावर सही ठोकली. तीन तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, नाहीतर अवघड होतं. रोजच्या दोन गोळ्या लागल्या. यातलं पुण्याला काहीच कळवलं नाही. कळवून ते खरं वाटेल याची खात्री राहिली नव्हती.

दसऱ्याला कूर्गहून फोन आला. मागे धुकं होतं आणि इंद्रजीतच्या अंगावर शाल होती.

"बाबा, बीपी किती आहे?"

"एकशे अठ्ठावीस," सयाजीराव म्हणाले. या वेळी आकडा खरा होता. घरी आणलेल्या यंत्राचा पट्टा अजून दंडाला गुंडाळलेला होता, आणि त्यांनी यंत्र फोनसमोर धरलं.

इंद्रजीतने आकडा वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. "बघ आई. तू उगाच घाबरवत होतीस. मी आलो असतो तर फुकट फेरा झाला असता की नाही?"

वैजयंतीबाईंनी नवऱ्याच्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि त्याची नीट घडी घातली.

"व्हय बाळा," त्या म्हणाल्या, "फुकटच झाला असता."