दोष क्रमांक ४११७ बंद करण्याबाबत

आमच्या कंपनीत कर्मचारी कपात होणार असल्याचं आम्हाला कंपनीबाहेरच्या लोकांकडून कळलं. आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. गेमच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळावर सोमवारी सकाळी 'कपातीची शक्यता, जवळच्या सूत्रांची माहिती' अशी चार ओळींची बातमी आली. हे जवळचं सूत्र आमच्याच संगीत विभागातला एक गृहस्थ निघाला. त्याला खोदून विचारलं, तर त्याने हे त्याच संकेतस्थळावर एका वाचकाच्या प्रतिक्रियेत वाचलं होतं. तो वाचक त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा सहकारी होता. त्याने आदल्या शुक्रवारी या गृहस्थाला मोठा उसासा टाकताना पाहिलं होतं. अशा रीतीने बातमीला दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा मिळाला.

मी या कंपनीत गवत करतो. गेमचा नायक ज्याच्यावरून धावत जातो, ते गवत. सहा वर्षांत त्याबद्दल कुणी बरं किंवा वाईट एक अक्षर बोललेलं नाही, त्यामुळे कपात हा शब्द ऐकला की सगळ्यांत आधी मला माझंच नाव आठवतं.

मंगळवारी पँट्रीत दोनऐवजी एकाच प्रकारची बिस्किटं ठेवलेली आढळली. त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाच्या बाई लिफ्टमध्ये तिघांकडे बघून हसल्या. त्या तिघांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपापले बायोडेटा तयार केले. ही गोष्ट वरपर्यंत गेली आणि बाईंना पुढील सूचना मिळेपर्यंत हसू नये असं कळवण्यात आलं. बुधवारी बाई कुणाकडेच बघून हसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे बायोडेटा तयार होते आणि प्रिंटरची शाई संपली होती.

काम करत होता फक्त माझ्या शेजारी बसणारा तपासनीस. त्याचं काम भिंतींवर आदळण्याचं. गेममधल्या प्रत्येक भिंतीवर समोरून, तिरकं, उडी मारून, मागे मागे चालत आदळायचं, आणि नायक एखाद्या भिंतीतून आरपार गेला की तसं कंपनीच्या दोषवहीत नोंदवायचं. सात वर्षं तो हे करत होता. चाचणी विभागात तो एकटाच असल्यामुळे त्या विभागाच्या बैठका नेहमी वेळेवर संपत. त्याची आई शेजारीपाजारी सांगायची, की मुलगा भिंती तपासतो, त्यामुळे तो बांधकाम खात्यात असल्याचा तिकडे समज होता. त्याने तो कधी खोडून काढला नाही, कारण आईला त्यातच जास्त समाधान होतं.

गुरुवारी त्याने मान वर केली आणि सगळीकडे नजर फिरवली.

"तीन दिवस झाले, कुणी काम करत नाहीये," तो म्हणाला. "हा दोष आहे. नोंदवायला हवा."

"अरे, दोष गेममधला असतो," मी म्हणालो.

"'कुठे' या रकान्यात 'इतर' असाही पर्याय आहे."

आणि त्याने नोंद केली. दोष क्रमांक ४११७, कपातीची भीती. कुठे: इतर. तीव्रता: काम पूर्ण थांबते. पुन्हा घडवण्याची कृती: पँट्रीत जा, भेटेल त्याला 'काही कळलं का' असं विचारा, जागेवर येऊन बसून राहा. अपेक्षित: माणसं काम करतात. प्रत्यक्षात: माणसं बायोडेटा करतात.

दोषवहीत प्रत्येक नोंदीखाली 'मलाही हेच दिसतंय' असं बटण असतं. पाच जणांनी ते दाबलं की दोषाची दखल घेणं कंपनीला बंधनकारक होतं. त्या दिवशी तासाभरात एक्याऐंशी जणांनी दाबलं, म्हणजे नोंदवणारा सोडून उरलेल्या सगळ्यांनी. पहिलं नाव मनुष्यबळाच्या बाईंचं होतं. दुसरं माझं.

इथून पुढे प्रकरण नियमाप्रमाणे चालत गेलं. नवा गेम चार आठवड्यांनी बाजारात यायचा होता, आणि गंभीर दोष उघडा असताना गेम बाहेर काढता येत नाही. नोंद पुसायची सोय नाही. ती फक्त बंद करता येते, आणि बंद करताना तीनपैकी एक कारण द्यावं लागतं: 'दुरुस्त केले', 'पुन्हा घडले नाही' किंवा 'असेच अपेक्षित आहे'. प्रकल्पप्रमुख मॅडम स्वतः उठून तपासनिसाच्या टेबलापाशी आल्या.

"'पुन्हा घडले नाही' असं लिही आणि मिटव एकदाचं."

"पण मॅडम, मी घडवून पाहिलंच नाही."

"त्यात काय पाहायचंय?"

"भीती खरी की खोटी हे ठरवायचं, तर कपात करून बघावी लागेल. न बघता कसं लिहू? उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणारे?"

"मीच. दर महिन्याच्या शेवटी मी माझ्या जुन्या नोंदी तपासतो."

मॅडमचाही नाइलाज होता, कारण चाचणी विभागाच्या संमतीशिवाय दोष बंद होत नाही. शेवटी मोठ्या साहेबांच्या परवानगीने एका माणसावर, प्रायोगिक तत्त्वावर, तात्पुरती कपात करून बघायचं ठरलं. प्रयोग संपला की माणूस परत जागेवर बसणार होता.

माणूस कोण, यासाठी शुक्रवारी बैठक झाली. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या विभागातलं कुणीही हलवलं तर गेम कोसळेल, असं आकृत्या दाखवून सिद्ध केलं. मग मागून कुणीतरी हळूच "गवत?" असं म्हणालं. मी वहीत काहीतरी महत्त्वाचं लिहीत असल्यासारखा खाली बघत राहिलो. तेवढ्यात मॅडमनी कार्यपुस्तिका उघडली आणि पान अकरावरचा नियम वाचला: दोष ज्याने नोंदवला असेल, त्यानेच तो घडवून दाखवावा.

हा नियम चार वर्षांपूर्वी तपासनिसानेच लिहिला होता. लोक दोष नोंदवून रजेवर निघून जायचे, म्हणून.

"नियम बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो, अगदी स्पष्ट आहे नियम," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण दोघा-तिघांनी वळून बघितलं.

पहिली चाचणी सोमवारी अकरा वाजता झाली. बाईंनी त्याला आत बोलावलं, "बसा ना" म्हणाल्या, पुढचं वाक्य विसरल्या आणि रडायला लागल्या. त्यानेच त्यांना पाणी दिलं. पत्रावर तारीख चुकीची होती. सामान न्यायला दिलेल्या खोक्याचं बूड दरवाजापाशी सुटलं आणि त्याचा कप फुटला. पाच मिनिटांनी तो आत आला आणि त्याने सात दोष नोंदवले. त्यातला एक असा: 'पत्र देताना बाई "काळजी घ्या" म्हणतात. कशाची ते स्पष्ट होत नाही.'

बुधवारी दुसरी चाचणी झाली. खोक्याला दुहेरी चिकटपट्टी होती, बाईंना वाक्यं पाठ होती, तारीख बरोबर होती. पण दारावरच्या रखवालदार काकांनी त्याला मिठी मारली. त्याने नोंदवलं, 'मिठीमुळे अकरा सेकंद जास्त लागतात. आवश्यक नाही.' काकांना तसं समजावून सांगण्यात आलं.

शुक्रवारी तिसरी चाचणी. बोलावणं, पत्र, खोकं, ओळखपत्र जमा, दार. साडेचार मिनिटांत, कुठेही न अडखळता. बाई एकदाही थांबल्या नाहीत. काकांनी दार उघडून धरलं आणि नजर दुसरीकडे ठेवली. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि शेवटी टाळ्या वाजल्या. काचेच्या दारापलीकडे तो खोकं घेऊन उभा होता. त्याने आमच्याकडे बघून अंगठा वर केला. सात वर्षांत त्याच्या कामाला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या होत्या आणि तो खूश दिसत होता.

मग त्याने दार ढकललं. ते उघडलं नाही.

आधीच्या दोन्ही वेळी काका त्याला आपल्या किल्लीने आत घेत. आता प्रक्रिया निर्दोष झाली होती, म्हणजे ओळखपत्र जमा होताच त्याचं नाव सगळीकडून आपोआप निघत होतं, आणि यादीत नाव नसलेल्याला दार उघडायची काकांना परवानगी नव्हती. मी मॅडमकडे गेलो.

"त्याला परत घ्यायचं काय ते करा ना," मी म्हणालो.

"करणारच आहे," त्या म्हणाल्या. त्या खरोखर अस्वस्थ होत्या. "पण परत घेण्याची प्रक्रिया आपण तपासलेली नाही. न तपासलेली प्रक्रिया वापरायची तर चाचणी विभागाची मंजुरी लागते."

"मग घ्या मंजुरी."

"चाचणी विभागात सध्या कुणी नाही."

"तात्पुरता कुणीतरी नेमा."

"कपात झालेल्या विभागात सहा महिने भरती करता येत नाही."

मी दारापाशी जाऊन त्याला फोन लावला आणि काचेतून बघत हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. "नियम बरोबर आहे," तो म्हणाला. मग खोकं खाली ठेवून त्याने दाराला खांदा लावला. समोरून, मग तिरकं, मग उजव्या कोपऱ्यातून. सात वर्षांची सवय होती. दार पक्कं होतं.

दुपारी दोष क्रमांक ४११७ बंद झाला. भीती तपासून पाहता खरी निघाली होती, त्यामुळे 'पुन्हा घडले नाही' म्हणता येईना. साहेब म्हणाले, इतकी चांगली बसलेली प्रक्रिया दोष म्हणून कशी नोंदवायची. तेव्हा 'असेच अपेक्षित आहे' हे कारण देण्यात आलं. चाचणी विभाग रिकामा असेल तर लगतच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करावी, अशी तरतूद फक्त दोष बंद करण्यासाठी आहे. लगतचं टेबल माझं होतं. मला खरंच वाईट वाटलं. सही करतानाही वाटत होतं.

त्या संकेतस्थळावर 'कपातीची अफवा खोटी, कंपनीत केवळ चाचणी' अशी बातमी आली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पँट्रीत दुसऱ्या प्रकारची बिस्किटं परत आली. बाईंना हसण्याची परवानगी मिळाली.

गेम वेळेवर बाहेर पडला. दुसऱ्याच टप्प्यातल्या किल्ल्याच्या भिंतीतून नायक आरपार जातो, हे खेळणाऱ्यांच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं. भिंतीपलीकडे काहीच नाही, फक्त मी केलेलं गवत आहे, आणि नायक त्यात पडून राहतो. दुसरं काही करता येत नसल्यामुळे लोक ते गवत बघू लागले. 'गवत सुंदर आहे,' असं कुणीतरी लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. मी ते छापून टेबलावर लावलं आहे.

गेल्या आठवड्यात तपासनिसाच्या आईचा फोन आला.

"बाळा, तू त्याच्या शेजारी बसायचास ना रे?"

"हो काकू."

"तो दिवसभर घरातल्या भिंतींना खांदा लावत फिरतो. परवा कपाट ओढून त्याच्यामागची पण तपासली. चांगल्या आहेत म्हणतो आपल्या भिंती." मग त्यांनी विचारलं, "कधी बोलावतील रे त्याला?"

"बोलावतील, काकू. प्रक्रिया चालू आहे."

"त्याने तुमच्याकडे तक्रार टाकलीये म्हणे."

मी शोधली. गेम विकत घेणाऱ्यांसाठी कंपनीचा एक तक्रार फॉर्म आहे, तो कुणालाही भरता येतो. त्यात त्याने लिहिलं होतं: दार उघडत नाही. कुठे: मुख्य प्रवेशद्वार. अपेक्षित: कामाला आलेला माणूस आत जातो. प्रत्यक्षात: बाहेर राहतो. खाली तेच बटण होतं, 'मलाही हेच दिसतंय', आणि तोच नियम, पाच जणांनी दाबलं की दखल. एकाने दाबलेलं दिसत होतं. तसं मी काकूंना सांगितलं.

"ते मीच दाबलं," काकू म्हणाल्या. "चष्मा लावून. बरोबर दाबलं गेलं ना?"

"बरोबर दाबलं गेलंय, काकू."

मी रोज सकाळी तो फॉर्म उघडून बघतो. दाबणाऱ्याचं नाव तिथे दिसतं, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही. चौथ्या कुणी दाबलं की पाचवा मी दाबणार, हे मी ठरवून ठेवलं आहे. फॉर्म सगळ्यांसाठी खुला आहे, कुठूनही दाबता येतं. तुम्हीही पहिल्यापासून सगळं बघितलं आहे, मधे एखाद-दोन वेळा हसलाही असाल. आकडा अजून एकच आहे.