भिमाबाईंची जन्मतारीख

काळेवाडीतल्या घरी नातवंडांच्या वाढदिवसाला सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवायच्या त्या भिमाबाईंनी. यंदा मात्र टाळी वाजवता वाजवता त्या नातीला हळूच म्हणाल्या, "दीक्षे, माजा कधी असतो गं?"

प्रश्न दीक्षाच्या मनात रुतून बसला. आजीच्या आधार कार्डावर नुसतं साल होतं. एप्रिलात तिनं कॉलेजला दांडी मारली, आजीच्या माहेरी महाळुंग्याला गेली आणि शाळेतल्या हेडसरांच्या मागे लागून कपाटातलं जुनं रजिस्टर काढायला लावलं. पानं उलटता उलटता सापडलं: भिमाबाई, इयत्ता पहिली, जन्म एक जून एकोणीसशे एकोणपन्नास. एवढ्या आनंदात शेजारच्या ओळी कोण वाचतं? पानाचा फोटो काढून, उतारा घेऊन ती नाचतच घरी आली.

"माजी पण तारीख निघाली म्हणायची," भिमाबाई म्हणाल्या. महिनाभर तो कागद त्यांच्या उशाशी होता.

पुढचं काही दीक्षाच्या हातात राहिलं नाही. तिचा बाप समाधान चाकणच्या कंपनीत फिटर. त्यानं शिफ्ट बदलून घेतली आणि चौकात आईचा दहा फुटी फ्लेक्स लावला. या भागात एवढा फ्लेक्स लागतो तो निवडणुकीला उभं राहणाऱ्याचा. एक जूनला सकाळीच दोन बाया दारात हजर.

"जयभीम मावशी. आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नाही."

"मग बसा की," भिमाबाई म्हणाल्या. "चहापुरतं हाय माज्याकडं."

फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत महाळुंग्याला पोचला, आणि दुपारी ऐन केकच्या वेळेला रिक्षातून काठी टेकत गोजाबाई उतरल्या. भिमाबाईंच्याच वर्गातल्या, पण वयानं सहा वर्षं थोरल्या.

"भिमे, एक जून तर माजी हाय."

"तुजी कशी?"

"दाखल्यावर हाय की. आपल्या समद्या वर्गाचीच ती. आयबापास्नी तारीख सांगता यायची न्हाई, मग गुरुजी लिवायचे एक जून."

दीक्षानं मोबाइलमधला पानाचा फोटो मोठा केला. बावीस मुलं, बावीस एक जून. तिचा चेहरा उतरला. भिमाबाई नव्या लुगड्याच्या निऱ्या उगाच नीट करत बसल्या.

"पर तू कवा झालीस ते मला ठावं हाय," गोजाबाई म्हणाल्या. "बाजरी भरली व्हती. तुजी आय पाखरं राखत व्हती. बांधावरच कळा आल्या, पर हातातली गोफण काय सुटंना. मीच पळत गेले सुईणीला बोलवाय. आता तितं कंपनीचं पार्किंग हाय."

भिमाबाई ऐकत राहिल्या, लांबून कुणी आपलं नाव घेऊन हाक मारावी तशा. मग म्हणाल्या, "म्हंजी भादव्यात. मग आज मी जन्मलेच न्हाई की. अन् तुजा जन्म कुणी पाह्यलाय गं?"

"माज्या वक्ताचं आता कोण उरलंय?"

"मग एक जून तुजीच. घे सुरी."

दीक्षानं खोका उघडला. केकवर भिमाबाईंचाच फोटो, डोक्यावर पदर घेतलेला, हसरा. गोजाबाईंची सुरी हवेतच थबकली.

"हिच्या नाकावरनं कशी चालवू?"

"चालव गं," भिमाबाईंनी तिचा हात धरला. "वर्गात माज्या वेण्या वढताना इचारायचीस व्हय?"