प्रभाकररावांचे तेहतीस अनारसे

कमलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं बजावलं, पंधरा दिवस वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. कमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अन् जावयाचं वाण कोण करन?"

डॉक्टर तरणा पोरगा. तो म्हणाला, "आजी, त्याच्यावर माझ्याकडे थेंब नाहीत."

अधिकाचा महिना चालू होता. तीन वर्षांनी येणारा. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावयाच्या हातात तेहतीस अनारशांचं ताट द्यायचं, ही रीत. एक कमी चालत नाही. लेक मंजुषाच्या लग्नाला दोन वर्षं झालेली, म्हणजे हा तिचा पहिलाच अधिक. जावई धनंजय वर्ध्याचा, आणि खरी अडचण तो जावईच होता.

म्हणजे पोरगा सोन्यासारखा. पण धंदा कॅटरिंगचा. लग्नाकार्याची जेवणं करायचा, आणि नुसता खुर्चीवर बसून हुकूम सोडणारा नाही, स्वतः कढईसमोर उभा राहणारा. सासरे प्रभाकररावांनी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं, "चुलीपाशी उभा राहणारा जावई मले नाई पाहिजे. माणसानं सैपाकघरात पाणी प्यायले जावं, बस." मंजुषा त्यांचीच लेक, त्यांच्या दुप्पट हट्टी. लग्न झालं. प्रभाकरराव मांडवाच्या खांबाला टेकून परक्यासारखे उभे राहिले. त्यानंतर जावई दारात आला की त्यांची तीन वाक्यं ठरलेली. "आले? बसा. पाणी घ्या." की चालले गोठ्याकडे.

आता मात्र म्हाताऱ्याच्या मनात यायला लागलं होतं की हे काही बरं नाही. लेक येते आणि तिची नजर सारखी बापावर. पण मोडलेली गोष्ट जोडायची कशी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाण चांगलं व्हावं, एवढीच एक वाट दिसत होती.

हिंगणीतल्या शेजारच्या विमलाबाईंनी धोंडे शनिवारीच करून दिले होते आणि रविवारी सकाळी त्या अनारसे तळून द्यायला येणार होत्या. सात वाजता त्यांचा पवनारहून फोन आला, बहिणीच्या नातवाचं बारसं आहे, बहीण सोडत नाही, बाराच्या गाडीनं येते. जावईही बाराच्याच गाडीनं येणार होता.

"मी सेलूवरून घेऊन येतो अनारसे," प्रभाकरराव चपला शोधत म्हणाले.

"दुकानातलं वाण?" मधल्या खोलीतून खाटेवरचा काळा चष्मा उठून बसला. "लगनात पाहुण्यावानी उभे होते, तेवढं पुरलं नाई काय? पीठ मी ऑपरेशनच्या आधीच करून ठेवलं आहे. तांदूळ तीन दिवस भिजवून, कांडून, गूळ घालून. डब्यात आहे. फक्त तळाचं आहे."

"अवो, पण तळन कोण?"

चष्मा सरळ त्यांच्याकडे वळला. तिथून हलला नाही.

घरात आणखी दोन माणसं होती. नागपूरच्या लेकाची लेकरं, सुट्टीत आलेली. दहा वर्षांची सुरभी आणि सहा वर्षांचा मुकेश. प्रभाकररावांनी दोघांना स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं.

"हे पहा, मी तळले म्हून कोणाले सांगायचं नाई. विमलाबाईनं तळले म्हणजो."

"खोटं बोलायचं का आबाजी?" मुकेशनं डोळे मोठे केले.

"खोटं काऊन रे? ती तळणारच होती. फक्त आली नाई."

हे मुकेशला पटलं.

डब्यातलं पीठ कोरडं होतं. कमलाबाईंनी आतून हाक दिली, "अर्धं केळं कुस्करा त्यात. अर्धंच बरं का!"

प्रभाकररावांनी अर्धं टाकलं. उरलेलं अर्धं हातात धरून ते उभे राहिले. ठेवलं तर काळं पडन, असा विचार करून तेही टाकलं. मग ते खसखस शोधायला फळीकडे वळले. इकडे मुकेशच्या आईनं नागपूरहून ताकीद दिलेली होती, रोज सकाळी एक केळं खायचं. मुकेशला आज पहिल्यांदा त्या केळ्यातून सुटायची वाट दिसली. त्याचं केळं अख्खं पिठात गेलं. सुरभीला हे माहीत नव्हतं. तिनं मोबाईलवर पाहिलं होतं की एक बाई वरून दूध घालते. तिनं वाटीभर घातलं.

खसखस घेऊन आबाजी वळले तेव्हा परातीत पीठ नव्हतं. पिठलं होतं.

"असंच राहत असन," ते म्हणाले. त्यांना तरी कुठे माहीत होतं?

पहिला अनारसा कसाबसा प्लास्टिकवर थापला, खसखशीवर पालथा घातला आणि तुपात सोडला. तूप फसफसलं. अनारसा फुलला, पसरला आणि पाहता पाहता नाहीसा झाला. कढईत नुसती खसखस फिरत राहिली. दुसरा सोडला. तोही गेला. तिसऱ्याला वाचवायला प्रभाकररावांनी झाऱ्यानं पलटवायला घेतलं, तर त्याचे सतरा तुकडे झाले. खसखस तडतड उडाली आणि अर्धी त्यांच्या मिशीत जाऊन बसली.

"काऊन वो, तूप कसं बोलून राह्यलं ते?" खाटेवरून आवाज आला. डोळे मिटलेले, पण बाईचे कान स्वयंपाकघरातच होते.

"काही नाई. तापून राह्यलं."

"किती झाले?"

प्रभाकररावांनी ताटाकडे पाहिलं. ताट लख्ख होतं. "मोजून राह्यलो," ते म्हणाले.

मुकेश चाळणीतला चुरा खात होता. "आबाजी, लय मस्त झालं. आणखी फोडा ना!"

सहावा गेल्यावर प्रभाकररावांनी गॅस बंद केला आणि पाटावर बसले. मिशी पांढरी, धोतरावर तुपाचे डाग, हातात झारा. हळूच म्हणाले, "नाई जमत बाप्पा. मंजू म्हणन, बापानं जाणूनच केलं. यावेळीबी मान देल्ला नाई म्हणन." ते कोणाला सांगत नव्हते, कढईला सांगत होते. पण सुरभीनं ऐकलं.

पोट्टी उठली आणि आबाजींचा मोबाईल घेऊन आली. तोंड दिसणारा फोन लावला.

"कोणाले लावते वं?"

"ज्याले येते त्याले."

पडद्यावर धनंजय दिसला. अर्ध्या गालाला फेस, हातात ब्रश. प्रभाकरराव चटकन मागे सरकले आणि फ्रिजच्या आड उभे राहिले.

"मामाजी, एका माणसाले अनारसे जमून नाई राह्यले," सुरभी म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला ती मामाजी म्हणायची.

"कोण्या माणसाले?"

सुरभीनं फ्रिजकडे पाहिलं. तिथून झारा जोरजोरात नाही-नाही हलला. "आहे एक माणूस. ओळखीचा."

धनंजयनं ब्रश खाली ठेवला. "बरं. त्या माणसानं पिठात काय टाकलं?"

"दोन केळं."

"दोन?"

"एक मुकेशनं टाकलं, मघा सांगतलं त्यानं. अन् मी दूध."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग धनंजय म्हणाला, "हुशार आहे तू. आता आणखी काही टाकू नको."

फ्रिजच्या आडून कुजबुज आली, "विचार त्याले, फेका लागन काय?"

"मामाजी, तो माणूस म्हणते, फेका लागन काय?"

"फेकायचं कायले? सांग त्या माणसाले, घाबरू नका. पंचवीस वर्षं कढईपाशी काढलेल्या आचाऱ्याचे अनारसेबी फुटते. मीबी पहिल्या वर्षी अख्खी कढई घालवली होती. बारीक रवा आहे का घरात? तीन मुठी टाका, झाका, पंधरा मिनिटं फ्रिजात ठेवा."

रवा टाकून पीठ फ्रिजात ठेवायला त्या माणसाला आडून बाहेर यावंच लागलं. सुरभीनं शहाणपणानं मोबाईल असा धरला की पडद्यावर फक्त कढई आणि एक हात दिसावा. त्या हाताच्या मनगटावर घड्याळ होतं. दिवाळीला धनंजयनंच आणलेलं. तेव्हा "ठेवा तिथं कपाटावर" म्हणून प्रभाकररावांनी हातसुद्धा लावला नव्हता. धनंजय त्या घड्याळाकडे पाहत राहिला.  मग त्याचा आवाज जरा खाली आला.

"सुरभे, त्याहिले सांग, खसखशीची बाजू वर. पलटवायचा नाई. आच मंद. झाऱ्यानं वरून तूप उडवायचं, हळूहळू. जसं लेकराच्या डोक्यावर पाणी घालतो ना, तसं."

सुरभीनं सांगितलं. हातानं झारा घेतला. पिठाचा गोळा आता हाताला चिकटत नव्हता. अनारसा तुपात बसला, हलला नाही. कडेनं बुडबुडे आले, वर जाळी उमलली. लालसर, भोकाभोकाची, जशी पाहिजे तशी.

"झाला!" मुकेश ओरडला.

"काय झालं?" खाटेवरून.

"एक झाला!" प्रभाकरराव बोलून गेले आणि जीभ चावली.

"इतक्या वेळात एक?" कमलाबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या, हे आवाजावरून कळत होतं.

"विचार त्याले, रंग बरोबर आहे का?" प्रभाकरराव कुजबुजले.

"मामाजी, तो माणूस म्हणते..."

"बरोबर आहे म्हणा. हात चांगला आहे त्याहिचा."

कढईपाशी कोणीतरी खाकरलं. त्यानंतर दोन माणसं तासभर अशी बोलत राहिली. एक वर्ध्यात अर्ध्या दाढीनं, एक हिंगणीत खसखशीच्या मिशीनं, आणि मध्ये एक दहा वर्षांची पोरगी. मुकेशला मोजायला बसवलं होतं, पण तो मोजता मोजता खाईल या भीतीनं आबाजी दर पाच अनारशांनी त्याचं तोंड उघडून पाहत होते. शेवटी परात खरवडून तेहतिसावा निघाला, बटणाएवढा. तरी मोजणीत तो एकच.

"मामाजी, फोन ठेवू का? आत्याले सांगू नका हं."

"मंजू आंघोळीले गेली होती. मी काही ऐकलं नाई, काही पाह्यलं नाई," धनंजय म्हणाला आणि उरलेल्या दाढीकडे वळला.

साडेबाराला गाडी आली. मंजुषा उतरली, धनंजय उतरला आणि त्यांच्या मागून बारशाची पिशवी घेऊन विमलाबाईही उतरल्या. तिघं बरोबरच दारात आले. प्रभाकररावांनी मिशी धुतली होती, धोतर बदललं होतं.

"आले? बसा. पाणी घ्या," ते म्हणाले आणि गोठ्याकडे जायला निघाले. पण आज पाय ताटापाशीच घुटमळले.

पूजा झाली, पानात धोंडे वाढून झाले. कमलाबाईंनी चष्म्याआडून चाचपडत जावयाला कुंकू लावलं, ते नाकावर लागलं. प्रभाकररावांनी ताट धनंजयच्या हातात दिलं. ताटावरचं फडकं काढल्यावर मंजुषा बघतच राहिली.

"आई! तू तर उठू नाई शकत. केले कोणी?"

ठरल्याप्रमाणे मुकेशनं छाती फुगवून सांगितलं, "विमलाआजीनं तळले. सकाळी!"

सगळ्यांनी विमलाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर अजून एस.टी.ची धूळ होती. पण विमलाबाईंनी जन्मात कधी कौतुक परत पाठवलं नव्हतं. "हो मंग," त्या पदर सावरत म्हणाल्या, "सवयीचं काम आहे."

धनंजयच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. त्यानं एक अनारसा उचलून उजेडात धरला. "काय जाळी पडली आहे, काकू! असा हात मी वर्ध्यात नाई पाह्यला."

"अजी, त्यात काय?" विमलाबाई फुलल्या. "आच मंद ठेवली का झालं."

"अन् मधात कधी पीठ बिघडलं होतं का?"

"माह्यं पीठ? कधीच नाई."

प्रभाकररावांची मिशी एकदा फडफडली.

"तूप वरून उडवलं असन तुम्ही," धनंजय म्हणाला. "अशा माणसाले तर मी उद्याच कामावर घेतो. अधिक संपला का लगनं चालू होते. हेडआचारी म्हणून चाला, काकू."

"पाह्यतो बा," विमलाबाई लाजल्या. "तसं सगळे म्हणतेच, माह्या हातात..."

"तुह्या हातात काय?" प्रभाकरराव एकदम गरजले. "तू पवनारले बारशाचा शिरा खाऊन राह्यली होती! सहा अनारसे माह्ये तुपात मेले, मिशी पोळली, चार तास उभा आहो मी त्या कढईपाशी! हे माह्या हातचे आहे. सगळे. तेहतीसच्या तेहतीस!"

 मंजुषाच्या हातातला पाण्याचा गिलास तसाच राहिला. खाटेवर काळा चष्मा भिंतीकडे वळला आणि त्याचे खांदे गदगदू लागले.

प्रभाकररावांना आपण काय बोलून गेलो ते कळलं. पण आता परत घेता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटत नव्हतं. ते जावयाच्या शेजारच्या पाटावर बसले. त्याच्या इतक्या जवळ ते पहिल्यांदाच बसले होते.

धनंजयनं अनारसा मोडला, खाल्ला, सावकाश चावला. मग मान हलवून म्हणाला, "बाबूजी, सांगू का? फस्क्लास झाले. फक्त हे खालचे चार जरा जास्त लाल आहे."

"ते होईनच," प्रभाकरराव म्हणाले. "तुम्हीच मधात आच वाढवा म्हणाले."

"मी? मी कमी करा म्हणालो होतो."

"वाढवा म्हणाले. पोट्टीनं तसंच सांगतलं."

"बाबूजी, मी कशाले वाढवा म्हणन? मंद आचेचा पदार्थ आहे तो!"

"मंग तोंडानं नीट सांगाचं ना मले! पोट्टीले काय सांगत बसले?"

"तुम्ही फ्रिजमागून बाहेर आले असते तर सांगतलं असतं!"

मंजुषानं गिलास खाली ठेवला. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"एक मिनिट," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलले कधी?"

दोघांनीही एकदम मान खाली घातली आणि गुपचूप धोंडे खायला लागले.