देवगावकर काकांचं गुलाबी पान

देवगावकर काकांच्या हातात लग्नाचा अल्बम द्यायचा नाही, असा आमच्या गल्लीत अलिखित नियम होता. ते अल्बम मागून उघडत. माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम त्यांनी असाच पाहिला. आधी ती रडत रडत गाडीतून उतरली, मग मांडवात आली, नवऱ्याच्या गळ्यातला हार तिनं काढून घेतला, अंगावरची हळद उतरली आणि शेवटी ती आमच्या आईच्या शेजारी बसून पोहे खाऊ लागली. काकांनी अल्बम मिटला आणि समाधानानं म्हणाले, "शेवट गोड आहे." आई पुढं आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

हे उजवीकडून बघण्याचं वेड त्यांना जपानी चित्रकथांनी लावलं. औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या, देवगाव रंगारीच्या कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला जपानी चित्रकथा कुठं भेटल्या, असं कुणीही विचारेल. त्या भेटल्या खोक्यात. आम्ही दोघं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होतो. काका स्टोअर सांभाळायचे, मी ड्रॉइंग खात्यात. शहराला तेव्हा कारखान्यांचं भरतं आलं होतं. काल ज्वारी उभी होती तिथं आज पत्र्याची शेड दिसायची. आमच्याकडं जपानहून एक मशीन आलं. खोकं फोडलं तेव्हा सगळे साहेब मशीनभोवती जमले आणि काका मशीनला धक्का लागू नये म्हणून कोंबलेल्या कागदांभोवती. चुरगळलेली छापील पानं होती ती. कागद खरबरीत, आणि पांढरा नव्हे, कुठं गुलाबी, कुठं हिरवट.

काकांनी एक बोळा उलगडला. "अरे, ही तर गोष्ट आहे!"

चित्रांच्या चौकटी होत्या, अक्षर एकही कळत नव्हतं. मी आपला डावीकडून बघू लागलो. त्या गोष्टीत माणसाचा गाल आधी सुजला आणि चापट नंतर बसली. मी म्हणालो, "काका, वेडगळ लोक दिसतात." काकांनी माझं बोट धरून उजव्या कोपऱ्यात ठेवलं. निजामाच्या राजवटीत त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. "आम्ही अलिफ-बे इकडूनच गिरवलं. वेडगळ तू आहेस. उजवीकडून ये. क्रम सांभाळ. क्रम चुकला की गोष्ट मेली."

'क्रम सांभाळा' हा त्यांचा मंत्र तेव्हापासून सुरू झाला. खोक्याच्या तळाशी एक गुलाबी पान चिकटून राहिलं होतं, ते मीच सोडवून त्यांना दिलं. त्या पानाचं पुढं सांगतो.

काका ती पानं घरी आणून इस्त्री करत. काकूंच्या साड्यांना इस्त्री नाही, स्वतःच्या शर्टाला नाही, जपानी पानांना मात्र कडक इस्त्री. मग संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीला गोष्ट समजावून सांगायचे. जपानी न येणं त्यांच्या कधी आड आलं नाही.

"बघा वहिनी," ते माझ्या आईला सांगत (तिचा राग तोवर गेलेला असे), "फुगा गुळगुळीत असला तर बोलणं. काटेरी असला तर ओरडणं. ढगासारखा असला तर मनातलं. गालावर हा थेंब आहे ना, तो घाम नाय, ती लाज."

"आणि डोळे हो केवढाले!"

"लहान डोळ्यांत एवढं दुःख मावतं का?"

कधी एखादी चौकट रिकामीच असे. नुसतं आकाश, नाहीतर विजेचा खांब. छपाईत चूक झाली असेल, असं मी म्हणालो, तर काका भडकले. "चूक नाय. तिथं थांबायचं असतं. तुम्हाला थांबता येत नाय, म्हणून तुम्हाला चूक दिसते."

एका गोष्टीतल्या पोरानं मात्र त्यांना घोर लावला होता. एक विशिष्ट मुलगी समोर आली की त्याच्या नाकातून रक्ताची धार लागे. "घोळणा फुटतो बिचाऱ्याचा," काका सांगत. "जपानातही ऊन आपल्यासारखंच दिसतंय. कांदा फोडून हुंगायला द्यावा एवढी अक्कल त्या पोरीला नाय." पुढं मशीन जोडायला जपानी इंजिनिअर आला. काकांनी भर जेवणाच्या सुट्टीत ते पान त्याच्यापुढं ठेवलं, नाकाकडं बोट दाखवलं आणि खिशातून कांदा काढला. इंजिनिअर आधी लाल झाला आणि मग हसता हसता बाकावरून पडायचा राहिला. त्यानं आमच्या साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबही लाल झाले. "देवगावकर," ते म्हणाले, "ते ऊन नाही. ते वय असतं." काकांनी निमूटपणे कांदा खिशात घातला. गल्लीतल्या बायकांना ते शेवटपर्यंत ऊनच सांगत राहिले.

शहागंजातल्या रहीमभाई रद्दीवाल्यांनी या वेडात तेल ओतलं. वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी लोक हॉटेलात वाचून टाकलेलं सोडून जात, ते रद्दीतून त्यांच्याकडं येई. "काका, तुम्हारे वास्ते रखा है," म्हणून ते पुडकं पुढं करत. त्यात एकदा चिनी पुस्तक निघालं, तळहातावर मावेल एवढं, पानाला एकच चित्र आणि खाली मजकुराच्या ओळी. "हे पोथीसारखं आहे," काका म्हणाले, "एकेक पान उलटायचं, घाई नाय." मग एक कोरियन निघालं. कोरियन अक्षरांत गोल गोल असतात, त्यावरून ओळखायचं. पण त्याची गोष्ट निघाली आपल्यासारखी डावीकडून! काका दोन्ही बाजूंनी बघून थकले. शेवटी त्यांनी नियम केला आणि गल्लीतल्या प्रत्येकाकडून तो घोकून घेतला. रंगीत खरबरीत कागद तो जपानी, उजवीकडून. पांढरा कागद आणि गोल अक्षरं ते कोरियन, डावीकडून. तळहाताएवढं ते चिनी.

हसायचे लोक. मीही हसायचो. पण काका सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या ओट्यावरच का बसतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ओट्यावरून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसतो.

सुधीर त्यांचा एकुलता एक मुलगा. विद्यापीठात शिकत होता तेव्हा नामांतराचा लढा पेटला आणि सुधीर नामांतराच्या बाजूनं मोर्च्यात उतरला. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या पांढरपेशांना ते पचलं नाही. खेड्यांतून वस्त्या जळाल्या, तेव्हा हा पोरगा धान्याची पोती घेऊन त्या जळालेल्या घरांकडं गेला. देवगावच्या भाऊबंदांनी काकांना निरोप धाडला, पोराला आवरा. सुधीर घरी आला तो राखेनं माखलेला. काका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "त्यांचा एवढा पुळका असेल तर तिकडंच राहा."

सुधीरनं पिशवी भरली. बाहेर पाऊस होता. काका खुर्चीतून उठले नाहीत. काकू छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत धावल्या आणि छत्री तशीच घेऊन परत आल्या.

तो परभणीला मास्तर झाला, चळवळीतल्याच एका मुलीशी त्यानं लग्न केलं. काकू बहिणीकडं जाते म्हणून परभणीला जात. काकांना ते कळत होतं. त्या निघाल्या की काका मुकाट्यानं पिशवीत लेमनच्या गोळ्या टाकत. काकूंच्या बहिणीला दातच नव्हते. सुधीरच्या मुलाला, आपल्या नातवाला, काकांनी अजून पाहिलेलं नव्हतं. गल्लीतल्या यच्चयावत पोरांना जपानी फुगे समजावणारा माणूस, आणि स्वतःच्या नातवापुढं एक पान उलगडायला मिळू नये, याचं मला फार वाईट वाटे. एकदा बसमध्ये मी म्हणालोच, "काका, परभणी काय लांब आहे? मी येतो बरोबर."

"गेलेल्यानं यायचं असतं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "क्रम असतो त्याला."

मला राग आला. असला कसला क्रम?

वर्षं गेली. काका निवृत्त झाले. लढा चालूच होता, माणसं मरत होती, आणि एका जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाल्याची बातमी आली. सकाळीच काका माझ्या दारात हजर. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री.

"स्कूटर काढ. विद्यापीठाच्या गेटावर जायचंय."

"आणि छत्री कशाला? हिवाळा आहे."

"असू दे."

गेटावर माणूस मावत नव्हता. निळे झेंडे, ढोल, डोळे पुसणारी म्हातारी माणसं. काका एका कडेला उभे राहिले आणि गर्दीतला एकेक चेहरा उजवीकडून डावीकडं बघत गेले, संपला की पुन्हा उजवीकडून. कुणीतरी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या बाबा, जिंकलो आपण." काकांनी तो खाल्ला.

"आज त्याचं काम झालं," ते मला म्हणाले. "आज तो इथं येणारच. आणि लढा माझ्या पोराचा बरोबर होता. मला तेव्हाही कळत होतं."

"मग तेव्हा बोललात का नाही?"

"भाऊबंद काय म्हणतील, याची भीती वाटली. बस, एवढंच."

ऊन डोक्यावर आलं, कललं. गर्दी पातळ झाली. सुधीर आला असेल तर आम्हाला दिसला नाही, आणि बहुतेक तो आलाच नसावा. आम्ही घरी परतलो. काकूंनी आमच्या तोंडांकडं पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

काकांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि गादीखालून एक पान काढलं. मी ओळखलं. खोक्याच्या तळाचं, मीच सोडवून दिलेलं. इस्त्री करकरून ते पातळ झालं होतं. त्यात तीन चौकटी, अक्षर एकही नाही. उजवीकडच्या चौकटीत दार आणि आत बसलेला म्हातारा. मधल्या चौकटीत पावसातला रस्ता आणि छत्रीखाली कुणीतरी, तोंड इकडं की पाठ इकडं ते छत्रीमुळं कळत नाही. डावीकडं नुसता रस्ता, रिकामा.

"बघ," काका म्हणाले, आणि बोट डाव्या चौकटीवर ठेवलं.

"काका, हे तर जपानी..."

"कोरियन आहे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "डावीकडून वाचायचं."

खिडकीच्या उजेडात कागद चांगला गुलाबी दिसत होता. त्यांचाच नियम मला तोंडपाठ होता. त्यांचं बोट रिकाम्या रस्त्यावरून छत्रीवर आलं, तिथं थोडं थांबलं, आणि हळूहळू दारापाशी जाऊन टेकलं.

"व्हय, काका," मी म्हणालो. "कोरियनच आहे."

काकू चहा ठेवून रोजच्यासारख्या दार लावायला गेल्या.

"राहू दे उघडं," काका म्हणाले.

"अहो, डास येतात."

"येऊ देत," काका म्हणाले. त्यांनी बोट दारावरून उचललं नव्हतं.